चुकून आलेला पैसा आणि दुसरे शील

सरकारी कागदात एक शब्द येतो, 'अतिप्रदान'. म्हणजे देय होते त्यापेक्षा जास्त दिले गेले. देणारा कार्यालयात बसलेला असतो, चूक त्याच्या हातून झालेली असते. पण पत्र येते ते घेणाऱ्याच्या घरी. पत्रातला सूर असा असतो की, जणू या माणसाने तिजोरीतून पैसे उचलून नेले. आपल्या घरांत हे पत्र बहुधा निवृत्तीच्या तोंडावर येते. कारण तेव्हाच सेवापुस्तक पडताळणीला जाते, जुनी वेतननिश्चिती तपासली जाते आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीची एखादी वेतनवाढ चुकीची निघते. मग ग्रॅच्युइटीतून रक्कम कापण्याचा आदेश निघतो.

नगरपालिकेत झाडूकाम करणारे, रेल्वेच्या गँगमध्ये राबलेले, एस. टी. च्या वर्कशॉपमध्ये काळे झालेले, सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय असलेले आपले बांधव हा कागद पाहून हबकतात. वस्तीत असा कागद आला की दोन तऱ्हेची माणसे सल्ला द्यायला येतात. एक म्हणतो, "सरकारचा पैसा आहे, एक दमडी परत करू नका." दुसरा म्हणतो, "आपण पंचशील घेतलेली माणसे. आपल्याला नको कुणाचा पैसा, देऊन टाका." गेली वीस वर्षे असले अर्ज लिहून देण्याचे काम मी करीत आलो आहे. या दोन्ही सल्ल्यांनी घरे बुडताना मी पाहिली आहेत. म्हणून या विषयावर सविस्तर लिहावेसे वाटले.

आमच्या वस्तीतले एक काका नगरपालिकेतून निवृत्त झाले. चौतीस वर्षे त्यांनी गटारे उपसली. निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी त्यांना पत्र आले की, चौदा वर्षांपूर्वी एक वेतनवाढ चुकीने जादा लागली, म्हणून १ लाख ८२ हजार रुपये ग्रॅच्युइटीतून वळते करण्यात येत आहेत. मी हिशेब केला. महिन्याला सरासरी १,०८३ रुपये पडत होते. चौदा वर्षांत त्या पैशाचे काय झाले असेल? रेशन, मुलांच्या वह्या, काकूंचे औषध, विजेचे बिल. त्यातला एक रुपयाही घरात शिल्लक नव्हता. ग्रॅच्युइटीच्या भरवशावर धाकट्या मुलीचे लग्न ठरलेले होते.

मुलगा संतापला होता. काका गप्प होते. बोलल्या त्या काकू. "भाऊ, खाल्लेलं फेडल्याबिगर तोंड कसं दाखवायचं? उद्या लोक म्हणतील, विहारात पुढं बसतात आन सरकारचं खातात." काकूंना पैसे जाण्याच्या दुःखापेक्षा चोर ठरण्याची भीती मोठी होती. आपल्या समाजावर पिढ्यान् पिढ्या जे आरोप झाले, त्यामुळे ही भीती आपल्या बायाबापड्यांच्या मनात खोल बसली आहे. कार्यालयातून आलेला कोणताही कागद खराच असणार आणि दोष आपलाच असणार, असे त्या धरून चालतात.

म्हणून कायद्याआधी शिलाचाच विचार करू. आपण विहारात दर रविवारी दुसरे शील म्हणतो. जे दिलेले नाही ते न घेण्याचे ते व्रत आहे. आता काकांचा पगार दिलेला होता की न दिलेला? तो कार्यालयाने स्वतःच्या हिशेबाने, स्वतःच्या सहीने, चौदा वर्षे दरमहा दिलेला होता. बौद्ध परंपरेत चोरी ठरण्यासाठी पाच अंगे सांगितली आहेत. वस्तू दुसऱ्याची असावी, ती दुसऱ्याची आहे हे घेणाऱ्याला माहीत असावे, ती चोरण्याची बुद्धी असावी, त्यासाठी प्रयत्न झालेला असावा आणि वस्तू घेतली गेलेली असावी. काकांना वेतननिश्चितीचे नियम माहीत नव्हते. नियमांची पुस्तके वाचणाऱ्या कारकुनांना जे चौदा वर्षे कळले नाही, ते गटार साफ करणाऱ्या माणसाला कळायला हवे होते असे म्हणणे हाच अन्याय आहे. माहिती नाही, बुद्धी नाही, तिथे शीलभंग नाही. हे मी काकूंना समजावले तेव्हा कुठे त्या अर्जासाठी कागद काढायला उठल्या.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७२ सरळ आहे. चुकीने मिळालेला पैसा घेणाऱ्याने परत केला पाहिजे. म्हणजे परत करणे हा मूळ नियम आहे, ही गोष्ट आपण नाकारू नये. पण पगार आणि पेन्शनच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने या नियमाला माणुसकीची बाजू जोडली. १९९४ साली साहिबराम नावाच्या हरियाणातल्या ग्रंथपालाचा निकाल लागला. प्राचार्यांनी त्यांना चुकीने वरची वेतनश्रेणी दिली होती. साहिबराम यांनी काही खोटे सांगितलेले नव्हते. म्हणून दिलेली रक्कम वसूल करू नये, असे न्यायालयाने ठरवले. त्याच वर्षी भगवान शुक्ला या रेल्वे कर्मचाऱ्याचा निकाल आला. त्यांचे मूळ वेतन १९७० पासूनचे १९० रुपये धरलेले होते, ते १९९१ च्या आदेशाने १८१ रुपयांवर आणले गेले. वीस वर्षांपूर्वीचा पगार कापायचा आणि माणसाला विचारायचेही नाही, हे न्यायालयाने चालू दिले नाही. आधी नोटीस द्या, त्याचे म्हणणे ऐका, असे बजावले.

२००६ साली कर्नल अक्कारा यांच्या खटल्यात न्यायालयाने आपल्या घरांचेच वर्णन केले. खालच्या श्रेणीतला नोकर जे मिळते ते कुटुंबाच्या पोषणासाठी खर्च करतो, आपल्या हक्काचे आहे असे प्रामाणिकपणे समजून खर्च करतो, म्हणून वर्षांनंतरची वसुली त्याला झेपत नाही. पण त्याच निकालात दुसरी बाजूही आहे. जास्त पैसे आले हे ज्याला माहीत होते, किंवा जिथे चूक थोड्याच दिवसांत लक्षात आली, तिथे न्यायालय सवलत देणार नाही. २०१२ साली चंडीप्रसाद उनियाल यांच्या खटल्यात तर न्यायालयाने अधिक कडक भूमिका घेतली. हा करदात्यांचा पैसा आहे, तो देणाऱ्या अधिकाऱ्याचाही नाही आणि घेणाऱ्याचाही नाही, असे सांगून वसुली कायम केली.

निकाल असे दोन दिशांना जाऊ लागले तेव्हा १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसिह हा निकाल आला. तो प्रत्येक कामगाराच्या घरात माहीत असला पाहिजे. त्यात न्यायालयाने पाच प्रसंग सांगितले, जिथे वसुली करता येणार नाही. पहिला, कर्मचारी वर्ग ३ किंवा वर्ग ४ मधला असेल तर. दुसरा, तो निवृत्त झालेला असेल किंवा वर्षभरात निवृत्त होणार असेल तर. तिसरा, जादा रक्कम वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेली असेल तर. चौथा, नियमाविरुद्ध वरच्या पदाचे काम करून घेऊन त्याचा पगार दिला असेल तर. पाचवा, वसुली इतकी जाचक ठरत असेल की मालकाच्या वसुलीच्या अधिकारापेक्षा तो जाच भारी पडेल तर. हे ठरवताना न्यायालयाने समतेच्या हक्काचा आणि दुर्बल घटकांविषयीच्या राज्याच्या कर्तव्यांचा, म्हणजे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या संविधानाचाच आधार घेतला. केंद्र सरकारच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाने २ मार्च २०१६ च्या परिपत्रकाने हे पाच प्रसंग आपल्या खात्यांना कळवले.

काकांच्या बाबतीत पहिले तीन प्रसंग एकाच वेळी लागू होते. आम्ही तेवढेच लिहिले. दोन पानांचा अर्ज, सोबत निकालाची प्रत. कार्यालयाने विधी सल्ला मागवला. आठ महिने गेले. मुलीचे लग्न व्याजाच्या पैशावर करावे लागले. अखेर वसुली रद्द झाली आणि ग्रॅच्युइटी पूर्ण मिळाली, पण व्याज गेले ते गेलेच. ते देण्याची जबाबदारी मात्र कोणी घेतली नाही.

इथे 'पैसे देऊ नका' म्हणणाऱ्या बांधवांनी टाळी वाजवू नये. आमच्याच वस्तीतल्या एका गृहस्थांची आई वारली. तिला कुटुंब निवृत्तिवेतन होते. मृत्यूची खबर बँकेला दिली गेली नाही आणि पाच महिने पेन्शन जमा होत राहिली. एटीएम कार्ड मुलाच्या खिशात होते. तो म्हणाला, "बँकेची चूक आहे, मी का परत करू?" मी त्याला सांगितले की, तुला आई वारल्याचे माहीत होते. पाच अंगांपैकी एकही अंग इथे कमी नाही. बँकेला मृत्यूचा दाखला दे आणि पैसे भर. तो माझ्याशी वर्षभर बोलला नाही. जयंतीच्या वर्गणीलाही त्याने मला दारातून परत पाठवले. तरीही माझे मत बदलले नाही. काकांसाठी भांडायचे असेल तर या माणसाला नाही म्हणता आले पाहिजे. नाहीतर उद्या कार्यालयातला साहेब काकांकडेही त्याच नजरेने पाहील, आणि आपल्याजवळ उत्तर राहणार नाही.

योजनांच्या पैशाबाबतही हाच विवेक ठेवावा. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये अनेक भगिनींच्या खात्यात आले आणि नंतर पडताळणीत अनेकींची नावे कमी झाली. नोकरदारांसाठी झालेले निकाल योजनांना जसेच्या तसे लागू होतात असे समजू नये. योजनेच्या अर्जासोबत हमीपत्र दिलेले असते. जिने सगळी माहिती खरी भरली आणि तरी मंजुरी मिळाली, तिची बाजू एक. जिने घरातली सरकारी नोकरी किंवा चारचाकी लपवली, तिची बाजू निराळी. पहिलीच्या मागे आपण उभे राहू. दुसरीला आपण बहीण म्हणूनच सांगू की, ताई, हे पैसे तुझे नव्हेत.

घरी असा कागद आला तर काय करावे? पहिली गोष्ट, घाबरून 'वसुलीस माझी हरकत नाही' अशा कागदावर सही करू नये. दुसरी, कोणत्या तारखेची कोणती वेतनवाढ चुकली, कोणत्या नियमाने चुकली, महिन्याचा फरक किती, हे लेखी मागावे. तिसरी, मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि पोच घ्यावी. राज्य शासनाच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतही पेन्शनमधून अशी वसुली करण्यापूर्वी बाजू मांडण्याची वाजवी संधी द्यावी, असे आहे. चौथी, वेतन आयोगाच्या वेळी आपण वचनपत्र दिले होते का ते पाहावे. जादा रक्कम परत करीन, असे त्यात लिहिलेले असते. २०१६ साली जगदेवसिंग यांच्या खटल्यात असल्या वचनपत्रामुळे वसुली कायम राहिली, आणि कार्यालये तोच निकाल पुढे करतात. पण जगदेवसिंग हे न्यायिक अधिकारी होते, सफाई कामगार नव्हते. हा फरक उत्तरात मांडावा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. केरळमधील थॉमस डॅनियल हे शिक्षक १९९९ साली निवृत्त झाले आणि त्यांच्या वसुलीचा निकाल सर्वोच्च न्यायालयात २०२२ साली लागला. ते जिंकले. पण त्या निकालात न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, ही सवलत कर्मचाऱ्याचा हक्क म्हणून नव्हे, तर त्याचे हाल होऊ नयेत म्हणून न्यायबुद्धीने दिली जाते. म्हणून आपला प्रामाणिकपणा हीच आपली मोठी बाजू आहे. पगाराची पावती दर महिन्याला घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावी. रक्कम अचानक वाढलेली दिसली तर कारण लेखी विचारावे. विचारलेल्याची पोच जपून ठेवली, तर पुढे कोणी बोट दाखवू शकणार नाही.

शेवटी दोन शब्द माझ्यासारख्याच कारकुनांसाठी. आज आपल्या समाजातली कितीतरी मुले-मुली आस्थापना आणि लेखा शाखेत बसतात. आपल्या आजोबांच्या वेळी सेवापुस्तक भलत्याच माणसाच्या हातात होते, आता ते आपल्या हातात आहे. समोर आलेले पुस्तक कोणाचेही असो, त्यातली नोंद बरोबर करा, वेळेवर तपासा. चूक सापडली तर ती त्याच वर्षी दुरुस्त करा, निवृत्तीच्या दिवसापर्यंत ठेवू नका. आपण लिहिलेल्या एका चुकीच्या आकड्याचे पैसे वीस वर्षांनी एखाद्या म्हाताऱ्याच्या ग्रॅच्युइटीतून जातात. आणि अतिप्रदानाचे पत्र पाठवायची वेळ आलीच, तर त्यात चूक कार्यालयाची आहे हे एक वाक्य आधी लिहा. त्या घरातली माणसे निदान त्या रात्री चोर ठरल्यासारखी जागी राहणार नाहीत.

जयभीम.