दवंडी आणि पोच

लहानपणी आमच्या गावात सरकारचा निरोप कोतवाल आणायचा. सारा भरायची मुदत असो की देवीची लस टोचणारे येणार असोत, दवंडी त्याचीच! निरोप नीट कळला नाही तर म्हातारी माणसं त्याला तिथेच अडवायची. "अरे, पण बाहेरगावी गेलेल्यांनी काय करायचं?" त्याला ठाऊक नसेल तर तलाठ्याला विचारून संध्याकाळपर्यंत सांगायचा.

पुढे आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या आल्या, शाळेत 'लोकराज्य' यायचं, घरी वर्तमानपत्र. तेव्हा अडवून विचारायचं काम आपल्या वतीने वार्ताहर करायचा.

आता सरकार थेट आपल्या हातातल्या मोबाईलवर बोलतं. २०२० च्या टाळेबंदीत मुख्यमंत्री उद्धव ठाकरे फेसबुक लाइव्हवर यायचे, तेव्हा घराघरांतून तोच आवाज ऐकू यायचा. खरं सांगते, धीर वाटायचा. २९ जून २०२२ च्या रात्री त्यांनी राजीनामाही तिथेच जाहीर केला. मंत्रालयात खेटे घालणाऱ्या वार्ताहराला आणि तळोज्यात बसलेल्या मला बातमी एकाच क्षणी! मौज वाटली. पण मधेच हात वर करून विचारायची सोय ना त्याला होती, ना मला.

सोय कुठेच नसते असं मात्र नाही. मुंबई पोलीस डिसेंबर २०१५ मध्ये ट्विटरवर (आताचं एक्स) आले. लोक तिथे तक्रारी करतात आणि त्यांना उत्तरंही मिळतात. कधीकधी तर चक्क विनोदी! म्हणजे मनात आणलं तर जमतं.

आमच्याकडचा अनुभव वेगळा. मागे एकदा दोन दिवस पाणी येणार नाही, ही सूचना फक्त समाजमाध्यमावर आली. शेजारच्या आजींकडे साधा फोन. त्यांचे हंडे रिकामेच राहिले. सूचनेखाली लोकांनी विचारलेलं, "टँकर येणार का?" उत्तर कोणीच दिलं नाही. चार दिवसांनी त्याच पानावर कुठल्याशा कार्यक्रमाचे हारतुऱ्यांचे फोटो...

शिक्षकी पेशातली मी, मला फरक दिसतो तो एवढाच. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज केला तर साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, नाही दिलं तर अपील करता येतं. फेसबुकवरच्या प्रश्नाला ना आवक क्रमांक, ना मुदत. निरोप पोचवायला सरकारने नवी साधनं जरूर वापरावीत. १७ नोव्हेंबर २०२३ ला आमची बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू होतेय, हे मलाही मोबाईलवरच कळलं आणि आनंद झाला. पण ज्या दारातून निरोप येतो, त्याच दारातून प्रश्नही आत जायला हवा.

तोवर मी आपली कागदावर अर्ज लिहिते, दोन प्रती काढते आणि एकीवर शिक्क्यासह पोच घेते. आजींच्या वतीनेही.

तुमच्याकडे कसं आहे, मंडळी? जरूर कळवा. इथे उत्तर मिळेल, उशिरा का होईना!