मोठे चेंबर

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह ज्या वत्सगुल्म नगरात लावून दिला आहे, ते नगर म्हणजे आजचे वाशीम. त्यामुळे या गावात मराठी शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना 'बांधणी' या शब्दावर आपला वडिलोपार्जित हक्क आहे असे उगाचच वाटत असते. कवितेची बांधणी, कथेची बांधणी, वाक्याची बांधणी. हिंगोली रस्त्यावरच्या गॅरेजांतही क्रियापद तेच आहे. तिथे इंजिन आधी 'खोलतात' आणि मग 'बांधतात'. त्यांचा अर्थ आमच्यापेक्षा काटेकोर आहे, असे आमचे मत २००९ सालच्या सोयाबीनच्या हंगामात झाले. समीक्षेत सैल बांधणीचीही बाजू घेता येते. गॅरेजात ती सोय नाही.

निमित्त असे झाले की बी.ए.च्या वर्गातला एक विद्यार्थी आठवडाभर दिसला नाही. चौकशी केली तेव्हा कळले, वडिलांच्या ट्रकचे इंजिन बसले आहे आणि पोरगा उस्तादांच्या हाताखाली नटबोल्ट धूत आहे. वडील स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर. कर्जाचे दोन हप्ते थकलेले; तिसरा थकला तर गाडी ओढून नेली जाणार, आणि गाडी गेली की पोराचे कॉलेजही जाणार, हे हिशेब करून सांगण्याची कुणालाच गरज नव्हती. दिवाळीच्या सुट्ट्या लागलेल्या होत्या. आम्ही चार-पाच दिवस त्या गॅरेजात जाऊन बसत होतो.

इंजिन टाटांचे ६९७. त्या आकड्याचा अर्थ आम्हांला तिथेच कळला: सहा सिलिंडर, आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला, तो १९६९ पर्यंत चालला. हे इंजिनही त्याच घराण्यातले. मर्ढेकरांची कविता शिकवताना यंत्रयुग, यंत्रयुग म्हणून आम्ही वर्षानुवर्षे घसा कोरडा केला आहे. मात्र यंत्राचे पोट उघडे पडलेले तोवर पाहिले नव्हते.

पोट म्हणजे चेंबर. इंजिनाच्या तळाशी बोल्टांनी आवळलेले पत्र्याचे खोलगट भांडे. सगळे तेल तिथे उतरते, आणि तिथूनच एक नळी ते ओढून पंपाकडे पाठवते. नळीच्या तोंडाला जाळी असते. पंप ते तेल क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत दाबाने पोचवतो आणि ते पुन्हा गळून चेंबरमध्ये येते. या गाडीचे बेअरिंग मेडशीच्या अलीकडे पकडले गेले होते. जाताना सोयाबीन घेऊन पातूरचा घाट उतरायचा आणि येताना खत किंवा सिमेंट भरून तोच चढायचा, हा तिचा नेहमीचा क्रम. पकडली ती येताना, भरलेली. मालकाचा निष्कर्ष सरळ होता: चढावर इंजिन तापले, तेल अपुरे पडले. म्हणून त्याने अकोल्याच्या भंगारातून त्याच जातीच्या इंजिनाचे, पण खोल पोटाचे चेंबर विकत आणून ठेवले होते. "मोठं चेंबर टाका उस्ताद, मंग कटकटच नाई."

उस्तादांनी जुने चेंबर उपडे करून आमच्यासमोर ठेवले. तळाला बाहेरून एक पोचा होता. शेतातला माल भरायला गाडी पांदण रस्त्याने आत गेली असणार आणि एखादा दगड खालून लागला असणार. पोचा आतून नेमका जाळीच्या तोंडाशी वर आला होता. जाळीवर त्याची घासलेली चकचकीत खूण उमटली होती. डिपस्टिकवर तेल पुरेपूर दिसत होते आणि पंप मात्र तहानलेला.

"तेल कमी नव्हतं भाऊ, तेलाले रस्ता नव्हता," उस्ताद म्हणाले.

मालकाला हे पटले, पण विकत आणलेले चेंबर परत करणे त्याला पटेना. उस्तादांनाही जुना गंजका पत्रा पुन्हा लावायचा नव्हता. शिवाय मोठ्या चेंबरचे गुण ते नाकारत नव्हते: तेल जास्त असले की ते सावकाश तापते, आणि काजळी तेवढ्याच प्रमाणात अधिक तेलात वाटली जाते. झिजलेल्या बेअरिंगातून पडणारा दाब मात्र त्याने वाढत नाही, हेही त्यांनी बजावले. धुण्यासाठी आणलेले डिझेल मापाने ओतून दोन्ही चेंबरे मोजली. नवे चार लिटरने मोठे निघाले. खोलीला अडीच बोटे जास्त.

म्हणजे दगडाच्या अडीच बोटे जवळ, हे मालकाच्या ध्यानात आणून देताना उस्ताद हसले नाहीत.

खरा पेच नळीचा होता. जुनी नळी नव्या चेंबरच्या तळाशी पोचत नव्हती. खालचे तेल पंपाच्या तोंडी लागलेच नसते. मालक म्हणाला, तुकडा जोडून वेल्डिंग मारा. उस्तादांनी साफ नकार दिला. दाबाच्या नळीला भोक पडले तर तेल बाहेर दिसते. ओढीच्या नळीचा सांधा तेलाच्या वर उघडला तर हवा आत शिरते आणि बाहेर एक थेंबही पडत नाही. पोराला पुन्हा अकोल्याला पिटाळले गेले, त्याच चेंबरच्या जोडीची नळी आणि जाळी शोधायला. दोन दिवस गेले. घासायला दिलेला क्रँक तोवर आला होता, अंडरसाइज बेअरिंगे बसली होती, आणि मालक दर तासाला कॅलेंडरकडे पाहत होता.

नळी मिळाल्यावर जे घडले ते आम्ही अजून वर्गात सांगतो. उस्तादांनी जेवणाच्या डब्याबरोबर थोडी कणीक मागवली. तिची गोळी जाळीच्या तोंडावर बसवली, पॅकिंग न लावता चेंबर चार बोल्टांवर चढवले आणि पुन्हा उतरवले. चपटी झालेली गोळी पात्याने कापून तिची जाडी मोजली. जाळी आणि तळ यांत नेमकी किती फट आहे, हे बंद भांड्यात डोळ्यांनी पाहता येत नाही; कणकेने ते सांगितले. फार कमी फट म्हणजे पुन्हा तीच तहान, फार जास्त म्हणजे तळाचे तेल वाया. मग पॅकिंग लावून बोल्ट मधून कडांकडे, आळीपाळीने आवळले. जोर करून पॅकिंग चेपले की तिथूनच गळते, हे पोराला दोनदा सांगून झाले. गाडीखाली इंजिन चढवल्यावर चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिली, आणि पाटे दबल्यावर आस किती वर येईल तेही पट्टीने मोजले. चेंबरखाली जाड पत्र्याची एक ढाल बांधली गेली, ती उस्तादांच्या हट्टाने.

स्टॉप खेचून धरून, इंजिन पेटू न देता, सेल्फ मारला. तेलाचा काटा हलल्यावरच स्टॉप सोडला. थोडा वेळ चालवून बंद केले, तेल खाली उतरू दिले आणि डिपस्टिक काढली. तेल बरोबर वरच्या रेघेवर होते. मालकाच्या हातात उरलेला डबा तसाच. चेंबर मोठे, मग रेघही वर जायला हवी, अजून दोन लिटर मावतील, असा त्याचा युक्तिवाद.

"वरची रेघ क्रँकची हाय, तुमची नाई," उस्ताद म्हणाले. फिरता क्रँक तेलात बुडला तर तेल घुसळून त्याचा फेस होतो, आणि फेसाला दाब धरत नाही. पोट खाली वाढले म्हणून क्रँक वर सरकत नाही. बदलली ती फक्त खालची रेघ. नवी जाळी जितकी खाली पोचली त्या हिशेबाने उस्तादांनी ती कानसीने कोरली.

तिसरा हप्ता मुदतीच्या आत भरला गेला. विद्यार्थी सुट्टीनंतर वर्गात आला तेव्हा त्याची नखे अजून काळी होती. वडील आता शेतात गाडी घालण्याआधी खाली उतरून सगळी पांदण पायी पाहून येतात, एवढेच त्याने सांगितले.