दहाजणांची प्रार्थना

तुमसरचा माणूस पोह्यांपुढे बसला की आधी तर्री मागतो. पोह्यांत ओलं खोबरं, गूळ, वेलची घालून भोवती पाच फळं मांडायची आणि नवस फिटला म्हणून देवाचे आभार मानायचे, हे मी सत्तरच्या दशकात पहिल्यांदा पाहिलं. नोकरीनं मला धानाच्या पट्ट्यातून उचलून अलिबागला नेलं होतं. खोली मिळाली इस्राएल आळीजवळ. त्या ताटाचं नाव मलिदा, आणि ज्याच्या नावानं ते मांडायचं तो संदेष्टा एलियाहू हानाबी. त्याचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावर टेकून वर गेला, असं आळीतले लोक सांगत.

आळीतले लोक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांची कथा जवळच्या नवगावला सुरू होते. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी परंपरा आहे. पोथ्या बुडाल्या, ‘शमा’ ही प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. पुढे वंशजांनी तेलाची घाणी धरली. शनिवारी घाणी बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. घाणी आमच्याकडेही होती. पण वाराला घाणी थांबवणं हीच एक प्रार्थना असू शकते, हे मला तिकडे गेल्यावर उमगलं.

तेव्हा शुक्रवारी दुपारपासूनच शेजारच्या मावशींची लगबग सुरू व्हायची. शनिवारचा स्वयंपाक आदल्या दिवशीच उरकायचा. तिन्हीसांजेला खोबरेलाचा दिवा लागायचा. द्राक्षाची वारुणी कुठून मिळणार? मनुका भिजवून केलेल्या सरबतावर आशीर्वाद म्हटला जायचा. शनिवार मावळला की विश्रामाचा दिवस संपला का ते पाहायला मावशी अंगणात येऊन आभाळाकडे बघत. मी चुलीची घाई केली तर म्हणत, “थांब रे, तीन चांदण्या दिसू देत. दोनच आहेत अजून.” पावसाळ्यात ढग असले की अंदाजानं उशीर करायचा, लवकर नाही. आता सूर्यास्ताची मिनिटं मोबाइल सांगतो. सोय झाली, मान वर करायची गरज संपली.

त्यांचं वर्ष स्वयंपाकघरातून कळायचं. नव्या वर्षाला नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा, कारण मांसाच्या जेवणाबरोबर गाईम्हशीचं दूध वर्ज्य. योम किप्पूरला जुनी माणसं दरफाळणीचा सण म्हणत: दारं लावून, पांढरे कपडे घालून दिवसभर उपास. यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या दुखवट्यात वालाचं बिरडं, म्हणून तो बिरड्याचा सण. दोन हजार वर्षांपूर्वीचं दुःख कोकणच्या वालात मुरलं होतं. 1880 नंतर तर अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठी कीर्तनांत रंगू लागली.

1948 नंतर माणसं इस्रायलला निघाली. त्यांना इथून कुणी घालवलं नव्हतं. बोलावत होती ती श्रद्धा आणि बरे दिवस. एकेकाळी वीस हजारांच्या आसपास असलेला समाज आता भारतात पाच हजारांच्या आत उरला आहे. अलिबागचं मागेन आबोथ सिनेगॉग स्वच्छ, रंगवलेलं आहे, पाहुणेही येतात. पण पूर्ण सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, तरच पेटीतून तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी काढून वाचायची. पूर्वी हे दहाजण कुणी मोजत नसे, ओटीवर जागा पुरायची नाही. आता सणाच्या आधी फोन फिरतात: मुंबईहून कोण येतंय, ठाण्याहून कोण? 2016 साली महाराष्ट्रानं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. कागदपत्रं सोपी झाली, दहाजण काही त्यानं जमत नाहीत.

जे गेले त्यांचंही सोपं नव्हतं. तुम्ही खरे ज्यू का, असा प्रश्न तिथल्या धर्मपीठानं लग्नांच्या बाबतीत उभा केला. उपोषणं, मोर्चे झाले, तेव्हा 1964 मध्ये तिथल्या संसदेनं त्यांना सर्व बाबतींत बरोबरीचं ठरवलं. शेकडो वर्षं घाणी बंद ठेवणाऱ्यांना हा पुरावा द्यावा लागला! आणि त्याच देशात ते ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढतात, मलिदाही करतात.

जुने दिवस गोड होतेच. पण मला राहून राहून वाटतं, ज्या समाजाचा धर्म पोथीशिवाय तगला, त्याला इमारतीची काळजी सर्वांत शेवटी करावी लागेल. दहाजण जमले नाहीत तर गुंडाळी पेटीत राहते. शनिवार पाळायला एकच माणूस पुरतं. आमच्याकडे दुकानाला सुट्टी असते ती बाजार मंदा असला तर. धंदा तेजीत असताना हात थांबवणं मात्र मी त्या आळीतच पाहिलं.