दादाचा अंगठा आणि सात मॅरेथॉन

आज पिकाचं नाही, माणसाचं लिहितोय.

परवा रात्रीच्या लाईटीवर हरभऱ्याला पाणी देताना एक व्हिडिओ बघितला. इंग्लंडमधल्या लीड्सची मॅरेथॉन, मे २०२३. केविन सिनफिल्ड हा माजी रग्बी खेळाडू ४२ किलोमीटर व्हीलचेअर ढकलत आला आणि शेवटच्या रेषेपाशी खुर्चीतल्या मित्राला उचलून पलीकडं घेऊन गेला. तो मित्र रॉब बरो, त्याच्याच संघातला. २०१९ मध्ये रॉबला मोटर न्यूरॉन आजार निघाला. यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत जातात. हात, पाय, बोलणं, गिळणं एकेक करून बंद पडतं. बरं करणारं औषध अजून नाही.

डिसेंबर २०२० मध्ये केविन सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला, कारण रॉबची जर्सी सात नंबरची. ठरवले होते ७७,७७७ पौंड, जमले वीस लाखांवर. २०२२ ला एडिनबर्ग ते मँचेस्टर, रोज मॅरेथॉनपेक्षा जास्त. रॉब जून २०२४ मध्ये गेला, पण आजाराचं नाव तिथं घरोघरी पोचलं.

आमच्या घरी ते पोचलं नव्हतं. दादाला म्हशीची धार काढताना अंगठ्यात जोर लागेना. दुखत काहीच नव्हतं. मग खुरपं गळायला लागलं, दंडाची कातडी आतून फडफडायची. आम्ही दोन वर्षं मानेचा मणका, तेल, मालिश, देवऋषी करत बसलो. नसांच्या डॉक्टरकडं नेलं तेव्हा बोलणं जड झालं होतं.

लवकर कळलं असतं तर दादा वाचला असता असं नाही. पण रॉबचा आवाज गेल्यावर जुन्या मुलाखतींवरून संगणकात त्याचाच आवाज तयार केला होता. डोळ्यांनी शब्द निवडून तो बोलायचा. आमच्याकडं दादाचा एकच व्हॉइस मेसेज आहे. "बारं मोडू नको, मी येतोय."

हरभऱ्यात एक झाड मान टाकायला लागलं की आपण खोड चिरून बघतो, मर तर नाही ना. घरातल्या माणसाचा हात किंवा पाय न दुखता बारीक होत असेल, वस्तू हातातून गळत असतील, जीभ जड होत असेल, तर थेट मेंदू आणि नसांच्या डॉक्टरला दाखवा. बऱ्याचदा कारण दुसरंच, साधं निघतं. निघू दे.

मला ४२ किलोमीटर धावता येत नाही. लिहिता येतं तेवढं लिहिलं. ज्यांच्याकडं मोबाईल नाही, त्यांना वाचून दाखवा.