कण्याच्या दुखण्याचा जमाखर्च

कांहीं दुखणीं पाहुण्यासारखीं येतात. चार दिवस घर हालवून सोडतात आणि निघून जातात. कांहीं मात्र एकत्र कुटुंबांतील वाटेकऱ्याप्रमाणें कायमचीं ठाण मांडून बसतात व दरमहा आपला हिस्सा मागतात. आमच्या घरीं असा एक वाटेकरी गेलीं ११ वर्षें नांदत आहे. त्याचें डॉक्टरी नांव ‘अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस’. त्यांतील पहिलें पद ग्रीक. त्याचा अर्थ वांकडें, आणि तें आपल्या ‘अंकुश’ शब्दाचें सगोत्र आहे, हें कळल्यावर माझ्यासारख्या संस्कृतच्या मास्तराला क्षणभर बरें वाटलें. पण अंकुश हत्तीला वठणीवर आणतो. हा रोग सरळ माणसाला वांकवितो.

शरीराची रक्षणशक्ति आपल्याच सांध्यांवर उलटते, हें याचें मूळ. कणा जेथें कमरेच्या हाडांना जोडला जातो तेथें प्रथम दाह होतो, मग तो वर चढतो. आणि दाह वर्षानुवर्षें राहिला तर मणके एकमेकांस जुळून कणा वेळूसारखा ताठ होऊं शकतो. १९७३ सालीं ‘एच.एल.ए.-बी २७’ नांवाच्या एका आनुवंशिक खुणेशीं या रोगाचा संबंध आढळला. परंतु ही खूण असलेल्या बहुतेकांना आजन्म कांहींच होत नाहीं. सोयरिकी जुळविणाऱ्या मंडळींनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

सांधेदुखी म्हणजे म्हातारपणाची सोबतीण, अशी आपली समजूत असते. हा रोग बहुधा विशी-तिशींत येतो; कमाईचा श्रीगणेशा होतो न होतो तोंच. म्हाताऱ्याचें आजारपण सांठविलेला पैसा खातें. तरुणाचें आजारपण अजून न मिळविलेला पैसा खातें, आणि तो कोणत्याच वहींत लिहिलेला नसतो.

माझ्या धाकट्या बंधूंच्या मुलाला वयाच्या २२ व्या वर्षीं, पुण्याच्या एका कारखान्यांत लागल्यावर वर्षाच्या आंत हें सुरू झालें. पहाटे तीन वाजतां तो उठून अंगणांत येरझारा घालीत असे. निजल्यानें वाढावें आणि चालल्यानें उतरावें, असें त्या दुखण्याचें उलटें शास्त्र. सकाळीं अंगाचा लांकडासारखा ताठा मोडावयास तास तास लागे. जो तो सांगे, ‘विश्रांति घे.’ त्यानें विश्रांति घेतली कीं दुसऱ्या दिवशीं अधिक दुखे. पट्टे झाले, तेलें झालीं, कठीण गादी झाली, मऊ गादी झाली. क्ष-किरणांचें चित्र निर्दोष आलें, कारण हाडांवरील फरक त्यांत फार उशिरां उमटतो. चुंबकीय यंत्रानें काढलेल्या चित्रांत आंतला दाह पुष्कळ आधीं दिसतो. तें चित्र निघावयास आणि सांधेतज्ज्ञाची गांठ पडावयास सात वर्षें गेलीं. निदानास असा वर्षांचा विलंब होणें या रोगांत इतर देशांतही नित्याचेंच आहे. सात वर्षांचे किरकोळ आंकडे मीं एकदां बेरजेस घेतले. त्या रकमेंत चांगलीं दोन लग्नें झालीं असतीं. जुन्या पद्धतीचीं, अर्थात्.

रोजचा व्यायाम आणि दाहशामक गोळ्या येथून उपचारास आरंभ होतो. व्यायामाला पैसा लागत नाहीं, म्हणूनच कीं काय त्याची किंमत लोकांस वाटत नाहीं. गोळ्यांनीं भागलें नाहीं म्हणजे इंजेक्शनांची पाळी. आमच्या मुलाला ‘अडालिमुमॅब’ सांगितलें. प्रथम अंगांत क्षय दडलेला नाहीं ना याची तपासणी, मग दर १४ दिवसांनीं एक, म्हणजे वर्षाकाठीं २६ इंजेक्शनें, तींही फ्रिजमध्यें जपून ठेवावयाचीं. वीज गेली कीं आमच्या घरीं प्रथम कोणी पंख्याकडे पाहत नाहीं, फ्रिजकडे पाहतात. मूळ औषध परदेशी. २०१४ च्या अखेरीस त्याच्या जोडीचें औषध एका भारतीय कंपनीनें बाजारांत आणलें, तेव्हांपासून किंमत पुष्कळ उतरली. तरीही नोकरदार घराला ती नांवाला स्वस्त.

‘विमा आहे ना?’ असें पुष्कळजण विचारतात. साध्या विम्याचा प्रघात असा कीं, माणूस रुग्णालयांत निजला पाहिजे. हा रोग निजूं देत नाहीं, हीच तर रोग्याची तक्रार! घरच्या घरीं टोचलेलें इंजेक्शन त्या विम्यांत बहुधा बसत नाहीं. आधींपासून असलेल्या रोगासाठीं थांबावयाची कमाल मुदत २०२४ सालीं ४ वर्षांवरून ३ वर्षांवर आली, हें चांगलेंच झालें. पण ३ वर्षें म्हणजे ७८ इंजेक्शनें.

गेल्या वर्षीं वहींतील औषधाचा आंकडा एकाएकीं निम्म्यावर आला. ‘कंपनीनें भाव उतरविला,’ असें मुलानें सांगितलें. दोन-तीन महिन्यांनीं त्याचा डावा डोळा लालभडक झाला, उजेड सोसेना. नेत्रवैद्यांनीं सांगितलें कीं कण्याच्या या रोगांत डोळ्याला असा दाह पुष्कळांना होतो, आणि विचारलें, ‘इंजेक्शनें वेळेवर चालूं आहेत ना?’ मुलगा गप्प. त्याची धाकटी बहीण बरोबर होती. ती म्हणाली, ‘अण्णा, दादा एक टाळून एक घेतो. खोकीं मीच फेकतें, मला मोजतां येतात.’

तो खालीं पाहूनच म्हणाला, ‘हिची अभियांत्रिकीची फी भरून झाली कीं घेईन पुन्हा वेळेवर.’

त्या रात्रीं घरांत बैठक झाली. एका वडीलधाऱ्यांचें म्हणणें पडलें कीं, ज्याचें दुखणें त्याच्या पगारांतून भागावें, घरावर कायमचें ओझें नको. मीं वही पुढें ठेवली आणि तींत काय काय नाहीं तें वाचून दाखविलें. रात्रपाळीची बढती त्यानें नाकारली, तें नाहीं. उभ्यानें करावयाचें काम सोडून कमी पगाराचें बैठें काम घेतलें, तें नाहीं. भावजयीनें त्याच्यासाठीं शिवणाचा वर्ग बंद केला. तिच्या १४ विद्यार्थिनींची फी जमेच्या बाजूस येईनाशी झाली, पण खर्चाच्या बाजूस तिचें नांवही नाहीं. बंधूंनीं ठेव मोडली ती तर ‘किरकोळ’ या सदरांत! भावजय इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारांत उभी होती. ती म्हणाली, ‘वर्गाचें राहूं द्या. डोळा गेला असता तर तो कुठें मांडला असता?’ त्यावर कोणी बोललें नाहीं.

दुसऱ्या दिवसापासून इंजेक्शनें मुलाच्या नांवच्या पानावरून काढून घरखर्चांत घेतलीं. तांदूळ, वीज, दूध, इंजेक्शन. सांधेतज्ज्ञ म्हणाले, रोग दीर्घकाळ शांत राहिला तर अंतर वाढविण्याचा विचार करतां येतो, परंतु तो तपासण्या पाहून आम्हीं करावयाचा. बहिणीच्या फीकडे पाहून रोग्यानें नव्हे.

डोळा निवळला. मुलगा अर्ध्या तासाला खुर्चींतून उठतो, पहाटे व्यायाम करतो, आणि १४ दिवसांनीं बहीण खोकें फ्रिजमधून काढून त्याच्यापुढें ठेवते व टोचून होईपर्यंत हलत नाहीं. तिची फी शेवटीं कर्ज काढून भरली. हप्ते माझ्या निवृत्तिवेतनांतून जातात. अजून ३४ आहेत.