दुकानाचं नाव, दुकानदाराचं नाव

स्पॅनिश शिकायला घेतलं की दुकानासाठी आधी 'तिएन्दा' हा शब्द भेटतो. पण ही भाषा वीसेक देशांत बोलली जाते, आणि गल्लीतल्या लहान किराणा दुकानाला ठिकठिकाणी निराळं नाव आहे. मेक्सिकोत 'अबार्रोतेस', अर्जेंटिनात 'आल्मासेन', डोमिनिकन रिपब्लिकमध्ये 'कोल्मादो', कोस्टा रिका आणि होंडुरासमध्ये 'पुल्पेरिया'. तांदूळ, साबण, अंडी सगळीकडे तीच, नावं मात्र वेगळी.

या नावांच्या आत डोकावलं की बहुतेक वेळा माल दिसतो. 'कोल्मादो' म्हणजे काठोकाठ भरलेलं. 'अबार्रोते' हा मुळात जहाजावरचा शब्द. मोठ्या मालाच्या मधल्या फटी बुजवायला जे लहान गाठोडं ठासायचे, ते अबार्रोते. 'आल्मासेन' अरबीतून आला, अर्थ कोठार. आपला 'खजिना' त्याच अरबी धातूचा, आणि गंमत म्हणजे तुम्ही आत्ता वाचताय त्या ई-मॅगझिनमधलं 'मॅगझिन'सुद्धा त्याच घराण्यातलं! स्पेनमध्ये काही जुन्या दुकानांवर अजून 'उल्त्रामारिनोस' अशी पाटी दिसते, म्हणजे समुद्रापलीकडचं. कॉफी, कोको, साखर वसाहतींतून जहाजाने यायची, त्याची ती खूण. पाटीने माल लक्षात ठेवला, तो पिकवणारे हात नाही ठेवले. आपल्या गोव्याचा 'पसरो' ऐकतानाही आधी मांडलेला मालच डोळ्यांसमोर येतो ना?

आजच्या स्पेनमध्ये नवीन शब्द रुळलाय. रात्री उशिरा दूध संपलं की लोक म्हणतात, "चिनोकडे जाऊन येतो." चिनो म्हणजे चिनी माणूस. बार्सिलोनात अशाच दुकानाला काही जण 'पाकी' म्हणतात, मग गल्ल्यावरचा माणूस पाकिस्तानचा असो, बांगलादेशचा असो की आपल्याकडचा. म्हणणाऱ्याच्या मनात दर वेळी वाईट असतं असं नाही. पण जुन्या शब्दांत निदान माल तरी पुरता दिसायचा. इथे माणूस दिसतो, तोही अर्धाच. आणि आपण फार वेगळे आहोत का? "वाण्याकडून गूळ आण" असं सहज म्हणतो. त्यात वाणी म्हणजे जात, धंदा की दुकान, कोण विचारतं?

याच दुकानांमध्ये आणखी एक पाटी असते, आणि ती बऱ्याच स्पॅनिशभाषक देशांत सारखी आहे : "ओय नो से फिआ, मान्याना सी." आज उधार नाही, उद्या मिळेल. थेट आपली "आज रोख, उद्या उधार"! यातलं क्रियापद 'फियार', म्हणजे उधार देणं. त्याचं मूळ लॅटिन 'फिदेस'पाशी जातं : विश्वास, श्रद्धा. पोर्तुगीजमधलं 'फियादो' त्याचंच भावंडं. इंग्रजी 'क्रेडिट'सुद्धा विश्वास ठेवणं या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आलं, आणि मिस्सेतला 'क्रेदो'ही त्यातूनच. म्हणजे रविवारी आपण उभं राहून जे म्हणतो, त्याच्याच नात्यातलं काहीतरी सोमवारी दुकानदार वहीत लिहीत असतो.

पाटी काहीही म्हणो, वही असतेच. आणि उधार मांडायला नाव लागतं. दुकानदाराला आपलं नाव, घर, पगाराची तारीख, घरी कोण आजारी आहे तेही ठाऊक असतं. ॲपवरही 'नंतर पैसे द्या' असतं, पण तिथला भरवसा आकड्यांवर असतो. इथे तो माणसावर असतो, आणि तरी त्या माणसासाठी आपल्याकडे शब्द कुठला, तर 'चिनो', 'पाकी', 'वाणी'.

मला या शब्दांचा संग्रह करायला आवडतं, आणखीही करीन. पण भाषा शिकणाऱ्याने एक नाव शब्दकोशाबाहेर शोधावं असं वाटतं. जो आपल्यावर विश्वास ठेवून वहीत आपलं नाव लिहितो, त्याचं नाव. ते त्यालाच विचारावं लागेल.