दोन कार्डं, एक मीटर

मंडळी, २००४ साली एनव्हिडियाने एसएलआय आणलं आणि दोन ग्राफिक्स कार्डं जोडून गेम पळवायची टूम निघाली. पुढे गेम बनवणाऱ्यांनीच तिचा नाद सोडला. आज घरी दोन-दोन कार्डं लावून बसतो तो बहुधा मॉडेल ट्रेन करणारा प्राणी असतो. उदाहरणार्थ, अस्मादिक.

मी कुडव्यात घरून काम करतो. रात्री झाडीबोली ऐकून लिहून काढणारं मॉडेल शिकवायचा उद्योग चालू असतो. क्लाउडवर भाड्याने कार्डं मिळतात, पण हौसेच्या कामाला दर तासाचं मीटर परवडत नाही. म्हणून सेकंडहँड आरटीएक्स ३०९० घेतली, दोन. आता मीटर घरचंच पळतं, आणि ते बाबांच्या नावावर आहे!

तर हिशोब. एका कार्डाला ३५० वॉट, दोघांचे ७००. प्रोसेसर, पंखे वगैरे धरून ९००. एसएमपीएस ९० टक्के कार्यक्षम असला तरी भिंतीतून १००० वॉट ओढले जातात. म्हणजे तासाला एक युनिट. रोज रात्री दहा तास म्हणजे महिन्याला ३०० युनिट. आमच्या घराचा एरवीचा खप १५०च्या आसपास. महावितरणचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, म्हणजे आमचं बिल उडी मारून तिसऱ्या टप्प्यात. बाबा बिल हातात घेऊन म्हणाले, "का रे बाबू, रातभर हे कायले चालते?" झाडीबोलीसाठी, म्हटलं. ते काही बोलले नाहीत. ते न बोलणं बिलापेक्षा महाग पडतं.

बरं, हे हजार वॉट जातात कुठे? सगळेच्या सगळे उष्णता होऊन खोलीत. मे महिन्यात गोंदियाचा पारा ४५च्या आसपास जातो, आणि मी खोलीत हीटर लावून बसतो! कूलर लावावा तर त्याचे वॉट वेगळे, शिवाय त्याची ओली हवा थेट कॅबिनेटवर सोडून चालत नाही.

लाइन गेली की आणखी गंमत. दुकानदार '१००० व्हीए'चा यूपीएस दाखवतो, तो बऱ्याचदा ६०० वॉटचाच असतो. त्यात ३०९० हे कार्ड क्षणभर ३५०च्या बरंच वर उसळी घेतं, काही मिलिसेकंदांपुरती. वरून बघाल तर ९०० वॉट, आणि यूपीएस मात्र टूं करून आडवा. घरच्या इन्व्हर्टरचं विचारूच नका. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट. इतका भार टाकला तर ती तासभरही टिकत नाही. आणि ती आईबाबांच्या पंख्यासाठी घेतलेली आहे.

लोक अशा वेळी मोठा एसएमपीएस, मोठा यूपीएस, मोठं कनेक्शन घेतात. मला तो रस्ता उलटा वाटतो. चिपचा वीजखप फ्रिक्वेन्सीबरोबर वाढतो, पण व्होल्टेजच्या तर वर्गाने वाढतो, आणि शेवटचा थोडासा वेग मिळवायला व्होल्टेज बरंच चढवावं लागतं. म्हणजे तो शेवटचा वेग सगळ्यात महाग. तो सोडून द्यायचा. 'एनव्हिडिया-एसएमआय'ला एक ओळ दिली की कार्ड २५० वॉटवर बांधलं जातं. आता भिंतीतून १००० ऐवजी पावणेआठशे. दहा तासांचं काम अकरा तासांवर गेलं तरी रात्रीला साडेआठ युनिट. महिन्याला चाळीसेक युनिट वाचतात आणि ते सगळे वरच्या, महागड्या टप्प्यातले. उसळ्याही लहान झाल्या.

इथून तिरोडा तीसेक किलोमीटरवर. तिथलं ३३०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र २०१२ ते २०१४ दरम्यान टप्प्याटप्प्याने सुरू झालं. एवढी वीज शेजारी बनते, तरी वादळ आलं की कुडव्याची लाइन जातेच (डीपीला मेगावॉटशी काय देणंघेणं!). म्हणून मॉडेल दर अर्ध्या तासाला डिस्कवर जतन होतं.

बाबांशी तह झालाय: कार्डांचा भार ज्या महिन्यात येईल, त्या महिन्याचं बिल मी भरायचं. जुलैत दमट हवेत कूलर निकामी होईल. तेव्हा २२० वॉटवर उतरून बघणार आहे.